नखं कुणी रंगवली

नंदाअक्का,

तुझी नखं मी पुसू दिली नाहीत. बाकीचं सगळं मागाहून. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून हे पहिलं सांगितलं.

दवाखान्यातून तुला सकाळी घरी आणलं. पाच दिवसांत न्यूमोनियानं तुला संपवलं हे मला अजून खरं वाटत नाही, पण ते रडगाणं मी इथं गाणार नाही. तुला रडगाणं आवडायचं नाही. अंगणात पाणी तापलं होतं. बायका तुला अंघोळ घालायला बसल्या आणि तुझ्या धाकट्या चुलतीचं लक्ष तुझ्या हातांकडं गेलं. ती म्हणाली, असली रंगलेली बोटं घेऊन पोरीला वाटेला लावायचं नसतं, ब्लेड आणा, खरवडून काढू. कुणीतरी ब्लेड आणायला उठलंसुद्धा. मी तुमच्या भावकीतली नाही. घोडेगावाहून आलेली एक कार्यकर्ती, दारात उभी. पण मी आत गेले आणि तुझ्याशेजारी मातीत बसले.

चुलती म्हणाली, "तू कोण गं सांगणारी?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "मी एकदा पुसलीयेत ही नखं. पुन्हा पुसू द्यायची नाहीत."

कुणाला काही कळलं नाही. तुला कळलं असतं. त्यावर मंगलवहिनी काय बोलली ते सांगायला मला जरा वेळ लागेल. आधी आपलं भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि त्यात चूक माझी आहे.

मी विशीची होते तेव्हा. संघटनेत नुकतीच आलेली, पिशवीत अपंगांच्या नोंदीचे फॉर्म, डिंगोऱ्यात घरोघर फिरत होते. तुमच्या मळ्यात आले तेव्हा तू ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस आणि तुझी भावजय, मंगलवहिनी, शेजारी बसून दाणे पाखडत होती. मी ओट्याच्या कडेला बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि वहिनीला विचारत गेले. यांचं नाव काय? वय काय? डोळे कधी गेले? वहिनी सांगत गेली. सहाव्या वर्षी ताप डोक्यात गेला, आठ दिवस शुद्ध नव्हती, उठली ती अशीच. डोळे वरून बघायला चांगले, आतली नस गेलेली. मी सगळं लिहून घेतलं. मग तुझी नखं बघितली. लालभडक, आणि कडेला एक थेंब सांडलेला नाही. मी वहिनीला म्हणाले, "किती छान ठेवता हो यांना. नखं तुम्हीच रंगवता का?"

वहिनी नुसती हसली.

तू शेंगा फोडायची थांबलीस. म्हणालीस, "बाई, जरा हिकडं वळा. नखं माझी हायेत आन तोंडबी माझंच हाय."

अपंगांच्या हक्कांसाठी निघालेली मी. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत, अपंग बाई समोर असताना तिच्या भावजयीशी बोलत बसले होते. मी ओशाळले, पण कबूल केलं नाही. उलट तुझ्यावरच घसरले. त्या वयात माझ्याकडं प्रत्येक गोष्टीचं पत्रक होतं, याचंही होतं. नेलपॉलिश ही बाजारानं बाईला घातलेली बेडी आहे, असं मी तुला ऐकवलं आणि पिशवीतून पत्रक काढून वाचूनही दाखवलं, पुढून आणि मागून. तू नीट ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "लई चांगलं लिवलंय. आता गोठ्यात जाऊन म्हशीला वाचून दाखव. तिलाबी ह्याचा वास आवडत न्हाई."

त्या दिवसापासून मी तुझी पत्रकवाली झाले. माझं नाव तू फार कमी वेळा घेतलंस.

म्हशीचं तू खरंच सांगत होतीस. तुमच्या दोन म्हशी, दोन्हींच्या धारा तूच काढायचीस. हाताला नेलपॉलिशचा वास असला की थोरली पान्हा चोरायची, लाथ झाडायची. म्हणून तू दुपारची जेवणं उरकली की लगेच बसायचीस, ओट्याच्या अशा टोकाला की गोठ्याकडून आलेला वारा वास पुढं घेऊन जाईल. संध्याकाळच्या धारेपर्यंत हात मोकळे. पुढं मी तुझ्याकडं यायला लागले, कधी कामानं, कधी काम काढून, आणि हे सगळं कितीतरी वेळा बघितलं. तुझ्या मांडीवरची वाटी, वाटीतले तांदूळ, त्यात रोवलेली बाटली. तू ब्रश उचललास की तोंडातलं बोलणं थांबायचं. एरवी तुझं तोंड थांबलेलं मी कधी बघितलं नाही.

रंग एकच. दुकानात जाऊन सांगायचीस, "एष्टीच्या रंगाची द्या." डोळे जाण्याआधी बघितलेला आणि पक्का लक्षात राहिलेला लाल म्हणजे एसटीचा. एकदा दुकानदारानं तुझ्या गळ्यात गुलाबी मारली. तू ती चार दिवस मिरवलीस, मग मी आले आणि विचारलं, अक्का, ही एष्टी कुठल्या डेपोची? तू वहिनीला घेऊन तशीच बाजारात गेलीस. बाटली त्याच्यापुढं ठेवून म्हणालीस, "मला दिसत न्हाई, तुमाला तर दिसतंय ना? मग चूक कुणाची?" त्यानं बदलून दिली. तो माणूस नंतर तुला घाबरून असायचा.

आणि तो टॉवेल आठवतो? तू माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधलास आणि म्हणालीस, लाव आता, लई बोलतीस. मी नख सोडून अख्खं बोट रंगवलं. वहिनी हसून हसून सुपाशेजारी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मंचरला मीटिंग होती, तिथं प्रत्येकानं विचारलं की बोटाला काय लागलं. भाजलं म्हणून सांगितलं. बघ, नखांच्या बाबतीत खोटं बोलायची माझी सवय तेव्हापासूनची.

एकदा न राहवून मी विचारलं होतं, तुला स्वतःला दिसत नाही, मग हा रंग कुणाला दाखवायला? दोन्ही पंजे पसरून तू वाळवत बसली होतीस. रागावली नाहीस. म्हणालीस, "मला दिवसभर समदी हाताला धरून वढत्यात. हिकडं चल, तिथं बस, हे धर, ते सोड. इचारत कुणीच न्हाई. नखं वली असली की मी म्हणते, वलं हाय, हात लावू नका. मग कुणी वढत न्हाई. भाऊबी न्हाई. अर्धा तास माझा हात माझ्यापाशी ऱ्हातो."

तरी मी हटले नाही. मी म्हणाले, पण अक्का, त्यासाठी बाटली कशाला लागावी? तू 'नको' म्हटलेलं पुरायला पाहिजे. तू म्हणालीस, "पुरंल तवा पुरंल. तवर बाटली हाय."

हे आपलं भांडण कधी मिटलं नाही. मला अजून वाटतं की माझंही थोडं बरोबर होतं. आता तू नाहीस म्हणून ते सोडून देणार नाही, तुलाही ते पटणार नाही.

मग बूथचं आलं. त्या वर्षांत अपंगांना फोनचे बूथ मिळत होते आणि तुला डिंगोऱ्याच्या स्टँडवर बूथ हवा होता. तू म्हणायचीस, आकडे बोटांना पाठ होतात, ऐकू मला अख्ख्या गावापेक्षा जास्त येतं, मला नुसती खोली आणि खुर्ची द्या. तुझा भाऊ चांगला आहे, पण दोन म्हशींच्या धारा काढणाऱ्या बहिणीला तो चांगला आहे, असं तू एकदाच म्हणाली होतीस. आणि लगेच म्हणालीस, हे पत्रकात घालू नको. हे पत्रक नाही, म्हणून घातलं.

अर्जाला अपंगत्वाचा दाखला लागत होता आणि दाखला शिबिरात मिळत होता. आपण सकाळपासून रांगेत होतो. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सारलेली, टेबलामागं डोळ्यांचा डॉक्टर. रांग मोठी, डॉक्टर घाईत. त्यानं तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. डोळे वरून स्वच्छ, तेच नडलं. मग त्यानं तीन बोटं तुझ्यापुढं धरली आणि विचारलं, किती बोटं?

तू म्हणालीस, "तुमची किती ते तुमाला ठावं, सायेब. माझी धा हायेत, आन धाबी म्या सोता रंगवल्यात."

रांग हसली. मी पण हसले. डॉक्टर हसला नाही. तुझ्या हातांकडं त्याचं लक्ष तेव्हा पहिल्यांदा गेलं. हात टेबलावर ठेवायला लावले, वाकून बघितलं. कुणी रंगवली म्हणून विचारलं. तू म्हणालीस, मीच. त्यानं पुन्हा विचारलं, स्वतः? तू पुन्हा म्हणालीस, मीच. तो शेजारच्या माणसाला म्हणाला की आमच्या मिसेसला इतकी नीट लावता येत नाहीत. आणि कागदावर लिहिलं, दृष्टी शिल्लक असण्याची शक्यता, पुढील शिबिरात फेरतपासणी.

मी भांडले. आंधळ्या बाईनं गबाळंच राहिलं पाहिजे हा नियम कुठं लिहिलाय, दाखवा मला, असं मी त्याच्या टेबलावर हात आपटून विचारलं. शिपायानं मला बाहेर काढलं. परतताना एसटीत मी पत्रकाचा मजकूर जुळवत होते, एकेक शब्द निखाऱ्यासारखा. पण खरं सांगते, त्या मजकुराच्या खाली दुसरंच चाललं होतं. 'वहिनीनं लावली' एवढं ही म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, "तुलाबी वाटतंय ना, म्या खोटं बोलायला पायजे व्हतं?"

मी म्हणाले, छे, काहीतरीच काय. तुला पटलं नाही ते मला कळलं.

पुढचं शिबिर चार महिन्यांनी. बूथच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी नारायणगावात जाऊन आयुष्यात पहिल्यांदा बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात शिरले आणि नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं. बाजाराच्या बेड्यांवर पत्रक लिहिणारीनं त्या बाजारातून घेतलेली ही पहिली वस्तू.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरच्या पारावर आपण बसलो. तुझी नखं ताजी होती. आदल्या दिवशी मुद्दाम लावलेली. मी बाटली काढली आणि म्हणाले, काढून टाकूया. तू म्हणालीस, न्हाई. मी तुला समजावलं. हा डावपेच असतो, आजच्या दिवस वाकायचं, दाखला हातात आला की हवी तेवढी लाव, आणि कुणी विचारलंच तर वहिनीचं नाव सांग. तू पुन्हा न्हाई म्हणालीस. तेव्हा मी म्हणाले, बूथ दुसऱ्याला गेला तर जन्मभर त्या म्हशींखाली बसशील. मला माहीत होतं कुठं लागेल. तिथंच बोलले. आणि मी तुझा हात ओढला. विचारलं नाही. ओढला आणि कापसानं पुसायला लागले.

दहा बोटं. तू एकही मागं घेतलं नाहीस. मला वाटलं होतं घेशील, निदान एखादं. झाल्यावर तू दोन्ही हात माझ्यापुढं पालथे धरलेस, शाळेत नखं तपासायला धरतात तसे, आणि विचारलंस, "आता दिसती का मी आंधळी?"

मी म्हणाले, "हो."

रांग सुरू झाली होती, घाई होती, तू पुढं सरकावंस म्हणून म्हणाले. ही सगळी कारणं मी माझ्यापाशी जपून ठेवलीयेत. एकही कामाचं नाही.

त्याच डॉक्टरनं थोडक्यात उरकलं. बॅटरी मारली, हातांकडं एक नजर टाकली, शंभर टक्के लिहिलं. खाली बारीक अक्षरांत, पाच वर्षांनी फेरतपासणी. गेलेली नस पाच वर्षांत पुन्हा फुटते असं त्यांना वाटत असावं.

मी 'लढ्याला यश' म्हणून पत्रक काढलं, ठळक टायपात. तू ते वहिनीकडून वाचून घेतलंस आणि मी आले तेव्हा विचारलंस, "ह्यात नखांचं कुठं हाय?" मी म्हणाले, ते घातलं तर दाखला धोक्यात येईल. तू म्हणालीस, "मंग यश कुणाला आलं?" मी चहा मागितला. तू दिलास. विषय तिथंच राहिला, पाच वर्षं.

बूथ मात्र तू असा चालवलास की बघत राहावं. पिवळी पाटी, काचेचा दरवाजा, आत तू. मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांचे नंबर लोक डायरीत लिहायचे बंद झाले, तुलाच विचारायचे. बटणं दाबून दाबून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा रंग दोन दिवसांत उडायचा. तेवढं एकच बोट तू मधल्या वेळात पुन्हा लावायचीस, आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचीस, "थांबा राव, वलं हाय." गिऱ्हाईक थांबायचं. एकदा एक पाहुणा कुरकुरला, माझी म्हातारी तिकडं वाट बघतीय म्हणाला. तू म्हणालीस, "बसा पावणं. तुमची म्हातारी माझ्या वळखीची हाय, ती कायबी म्हणायची न्हाई. तुमीच रविवारचा फोन बुधवारी करताय." पाहुणा मुकाट बाकावर बसला. मला तेव्हा काय वाटलं ते कधी बोलले नाही. आमच्या कुठल्याच सभेत एवढं मोठं काम मी बघितलं नव्हतं. तू हाताला हात लावू न देता माणसं थांबवत होतीस.

त्याच बूथवर आंधळ्या पोरींना घेऊन आईबाप यायला लागले, डोंगरातल्या वाड्यांवरनं, पार आंबेगावच्या टोकाकडनं. आईबाप दाखल्याचं विचारायचे. पोरी नखांचं विचारायच्या. तू माझ्यामागं लागलीस, ह्याचं पत्रक काढ, कशी लावायची ते लिही, घरात कुणीतरी वाचून दाखवील. मी दर खेपेला तेच, अक्का, हा काय पत्रकाचा विषय आहे? एसटीच्या पासांचं काम पडलंय, शाळांचं पडलंय, नोकऱ्यांचं पडलंय. तू म्हणायचीस, "ते समदं दुसऱ्याकडं मागायचंय. हे पोरींना आजच जमतंय."

गेल्या महिन्यात फेरतपासणीचं पत्र आलं. आता खिशाखिशांत मोबाईल आलेत, बूथवर पहिल्यासारखं कुणी येत नाही, पण तू त्या पत्राची वाटच बघत होतीस असं दिसलं. म्हणालीस, "ह्या बारीला रंगवून जायचं. बाटली पिशवीत घ्यायची. त्यांनी माझ्या डोळ्यावर पट्टी बांधावी, आन म्या त्यांच्या टेबलावर लावून दाखवते." मी म्हणाले, आणि दाखला रद्द केला तर? "मंग तू भांड. दुसरं येतंय काय तुला?" मग म्हणालीस, तोवर ते पत्रक लिहून आण.

मी म्हणाले, बघू.

"तुझं बघू म्हंजी न्हाई," तू म्हणालीस, आणि रिसीव्हर उचललास, फोन आलेला नसताना. मला जायला सांगायची तुझी ती पद्धत होती. मी एसटी पकडली. त्यानंतर मी तुला बघितलं ते दवाखान्यात, तेव्हा तू बोलत नव्हतीस.

पारावरच्या त्या 'हो'बद्दल मला माफी मागायची होती. या पाच वर्षांत मी कितीतरी साहेबांकडून लेखी माफी घेतली, सही-शिक्क्यासकट, तारीख घालायला लावून. माझी एक तोंडी द्यायला मला सवड झाली नाही.

आता वहिनीचं. चुलती ब्लेडसाठी हात पुढं करून बसली होती. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं तिनं ठरवलं आणि वहिनीला म्हणाली, "मंगल, तूच हौसेनं लावलीस, तूच काढ. जल्मभर केलंस तिचं."

वहिनीनं हातातला तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "काकी, म्या एकदाबी लावली न्हाई. लोक म्हणायचे मंगल लावती, म्या ऐकून घ्यायची. बरं वाटायचं मला. तिची तीच लावायची. तिची हायेत ती, ऱ्हाऊ द्या."

ब्लेड आलं तसं आत गेलं.

मला पहिल्या दिवशीचं तिचं ते हसणं आठवलं. अक्का, तुझी नखं आम्ही दोघींनी चोरली होती. तिनं गप्प राहून, मी पुसून. तिनं मात्र भरल्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर परत केली. माझं अजून बाकी आहे.

दवाखान्यात नर्सनं एका बोटाचा रंग काढला होता, खालचं नख निळं पडतंय का ते बघायला. नऊ लाल आणि एक उघडं. वहिनीनं तुझी बाटली आणून माझ्या हातात दिली. मी आधी विचारलं, "अक्का, हात धरू का?" बायकांना वाटलं दुःखानं मला भ्रम झालाय. वाटू दे. मग धरला आणि लावलं. दोन्ही डोळे उघडे होते, तरी कडेला गेलं. मला वाटतं मला येतच नाही. तुझ्या बोटाला ते कळलं असतं तर तू मला ओट्यावरून खाली उतरवलं असतंस.

परवा तुझा दहावा झाला आणि काल मी पत्रक छापायला दिलं. शिबिर पुढच्या महिन्यात आहे. फेरतपासणीच्या यादीतून तुझं नाव कुणी काढलेलं नाही, मी मुद्दाम काढू दिलं नाही. ते पुकारतील. मी उठेन आणि त्या टेबलापुढं जाऊन सांगेन की ही बाई आता येणार नाही, पण पाच वर्षांपूर्वी तिची नखं मी पुसून तुमच्यापुढं आणली होती. तुम्हाला आंधळी बाई रंगलेल्या नखांत ओळखता येत नव्हती म्हणून, आणि मला तुमच्यासमोर शहाणपणा करायचा होता म्हणून. हे लिहून घ्या म्हणेन. माझ्यामागं रांगेत बूथवर येणाऱ्या पोरींपैकी तिघी असतील, नखं लावून, बाटली पिशवीत. त्यांचे दाखले अडवले तर मी भांडेन. मला दुसरं येतंय काय.

पत्रक तुझ्याच तोंडचं आहे, मी नुसतं शुद्ध करून लिहिलंय. ऐक, आणि चुकलं असेल तर हसू नको.

आधी हात साबणानं धुवायचे, दुधाचा ओशटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाटीत तांदूळ घेऊन त्यात बाटली रोवायची, म्हणजे धक्का लागून कलंडत नाही. धारेच्या वेळी म्हशीच्या सडांना लावतो ते तूप काडीपेटीच्या काडीवर घ्यायचं आणि नखाच्या कडेनं, नुसत्या कातडीवर, शेताला घालतात तसा बांध घालायचा. नखावर गेलं तर पुसून पुन्हा घालायचा. ब्रश बाटलीच्या तोंडावर दोनदा निथळायचा, नखाच्या मधोमध टेकवून टोकाकडं ओढायचा, मग एका बाजूनं, मग दुसऱ्या. जिथं गार लागलं तिथं रंग बसला, जिथं लागलं नाही तिथं राहिला. उजव्या हाताची नखं लावताना डाव्या हातानं ब्रश चालवायचा नाही. ब्रश डाव्या हातात स्थिर धरायचा आणि नख त्याच्याखालून न्यायचं. मग बसायचं. तेवढ्यात कुणी हाताला धरायला आलं तर सांगायचं, ओलं आहे. वाळलं की नाही ते ओठाला टेकवून कळतं. वाळल्यावर फडक्यानं बांध पुसायचा, सांडलेला रंग त्याच्याबरोबर निघून येतो.

आणि कुणीही विचारलं, नखं कुणी रंगवली, तर दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी रंगवली म्हणायचं.